भजन स्पर्धा ऐकायला जाल तेव्हा



श्रावण लागला की आपल्या बमरोली, पांडेसरा, उधना, डिंडोली, लिंबायत या भागांत टाळ-मृदंगाचा आवाज वाढू लागतो. कोठे कानबाईचे रोट असतात, कोठे हरिनाम सप्ताह बसतो, मग गणपती येतात, पाठोपाठ नवरात्र. आपल्यापैकी बहुतेकांची घरे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली. येताना आजोबांनी गाठोड्यात फार काही आणले नव्हते, पण टाळांची एक जोडी मात्र बऱ्याच घरांत आली. या सणासुदीच्या दिवसांत एखादे मंडळ भजन स्पर्धा ठेवते आणि आपण सारे मित्रमंडळींसह ऐकायला जातो. परत आल्यावर घरातले एकच विचारतात, "पहिला नंबर कोणाचा आला?"

प्रश्न चुकीचा नाही. पण नंबर कशावरून देतात, गाताना मंडळाने नेमके काय साधले, हे समजले तर ऐकण्याचा आनंद दुप्पट होतो. म्हणून या लेखात एकत्र गाण्याच्या स्पर्धांची थोडी माहिती द्यायची आहे. आपल्याकडच्या भजनाबरोबर सातासमुद्रापलीकडच्या अशाच एका स्पर्धेचीही ओळख करून घेऊ.

भजनी मंडळ म्हणजे कोण कोण?

भजन एकट्यालाही करता येते. पण भजनी मंडळ म्हटले की चार प्रकारची माणसे लागतात. पहिले बुवा, म्हणजे मुख्य गायक. अनेक मंडळांत पेटीही तेच वाजवतात. दुसरा पखवाजी. तिसरे टाळकरी. आणि चौथे मागून धरणारे, ज्यांना आजकाल कोरस म्हणतात. पुष्कळदा टाळकरी हेच कोरस असतात. बुवा अभंगाचे चरण सांगतात, मागचे ते उचलतात आणि पुन्हा बुवांच्या हाती देतात. ही देवघेव जितकी सहज, तितके भजन रंगते.

भजनाचा क्रमही ठरलेला असतो. आधी नामाचा गजर, मग विठ्ठलाच्या रूपाचे वर्णन करणारा अभंग, त्यानंतर इतर संतांचे अभंग, मध्ये गौळण, कोठे भारूड आणि शेवटी भैरवी किंवा आरती. गावोगावी या क्रमात थोडा फरक पडतो, पण नामाने सुरुवात करायची ही रीत सगळीकडे सारखीच आहे.

हे अभंग लिहिणारे कोण होते ते पाहा. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार, चोखामेळा, जनाबाई, सोयराबाई. प्रत्येकाच्या हाताला काही ना काही काम होते. त्यांतच संत सेना महाराज होते. त्यांचा व्यवसाय न्हाव्याचा. आपल्या धंद्यातल्याच वस्तूंची रूपके घेऊन त्यांनी अभंग रचले. श्रावण वद्य द्वादशीला त्यांची पुण्यतिथी असते. सेना महाराजांचे नाव येथे मुद्दाम घेतले, कारण पुढे आपल्याला एका वेगळ्याच देशातल्या न्हाव्याच्या दुकानात जायचे आहे.

स्पर्धेचे दोन प्रकार

आपल्याकडे गाण्याची स्पर्धा दोन तऱ्हांनी होते. पहिली तऱ्हा गुणांची. प्रत्येक मंडळाला ठरावीक वेळ मिळतो, समोर परीक्षक बसतात, आणि स्वर, ताल, शब्दोच्चार, अभंगाची निवड, चाल आणि सांघिक मेळ यांना गुण देतात. वेळ ओलांडली तर गुण कापले जातात. गोव्यात कला अकादमी अनेक वर्षे पंडित मनोहरबुवा शिरगावकर यांच्या स्मरणार्थ भजन स्पर्धा घेत आली आहे. तिच्यात पुरुष, महिला आणि बालकलाकार असे वेगवेगळे गट असतात. महाराष्ट्रात कामगार कल्याण मंडळाने कामगारांसाठी भजन स्पर्धा घेतल्या आहेत. या मंडळामागचा कायदा १९५३ सालचा. गिरणी-कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला पगाराखेरीज वाचनालय, खेळ, गाणे यांचीही गरज असते, हा विचार त्यामागे होता. मुंबईच्या गिरणगावातील चाळींत कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी भजनी मंडळे चालवली, ती याच गरजेपोटी. मागावर काम करणाऱ्या आपल्या पालकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

दुसरी तऱ्हा सामन्याची. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत, तिला 'डबलबारी' म्हणतात. एकाच मंडपात दोन बुवा आपापली मंडळे घेऊन बसतात. बारी म्हणजे पाळी. पहिले बुवा गातात, मग दुसरे, मग पुन्हा पहिले. गाता गाता एक बुवा पुराणातला एखादा अवघड प्रश्न टाकतात आणि दुसऱ्यांनी आपल्या बारीत त्याचे उत्तर द्यायचे असते. मध्ये कोपरखळ्या असतात, हशा असतो. येथे गुणपत्रक नसले तरी चालते. श्रोत्यांचा प्रतिसाद हाच निकाल. काशिराम परब, चिंतामणी पांचाळ, परशुराम पांचाळ, चंद्रकांत कदम, विलास पाटील ही बुवांची नावे कोकणी माणसाच्या तोंडी सहज येतात.

असे सवाल-जवाब आपल्याला अगदी नवे नाहीत. शाहिरीतला कलगी-तुरा हाही असाच सामना. कलगीवाले शक्तीची बाजू घेतात, तुरेवाले शिवाची. महाराष्ट्रात अनेक भागांत ही परंपरा होती आणि खान्देशातल्या जुन्या माणसांना ती चांगली ठाऊक आहे.

कोकणातली एक रात्र

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघे मित्र कोकण पाहायला गेलो होतो. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यापासून आपल्या सुरतेहूनही रत्नागिरी-मडगावकडे थेट गाड्या जातात, त्यामुळे प्रवास अवघड राहिलेला नाही. कणकवलीजवळच्या एका गावी मुक्काम होता. त्या रात्री देवळासमोर डबलबारी आहे असे कळले आणि जेवण आटोपून आम्ही मंडपात जाऊन बसलो.

गाणे सुरू व्हायच्या आधीचा अर्धा तास फार शिकवून गेला. पखवाजी कणीक भिजवत होता. आमच्यातल्या एकाला वाटले, प्रसादाची तयारी चालली आहे! ती कणीक त्याने पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापली. उजव्या तोंडावर शाई कायमची बसवलेली असते, डाव्या तोंडावर मात्र दर वेळी ओल्या कणकेचा लेप द्यावा लागतो. त्यामुळे कातडे जड होते आणि घुमणारा खर्जाचा आवाज येतो. लेप थोडा कमी-जास्त झाला तरी आवाज बदलतो. मग छोट्या हातोडीने वादीखालचे लाकडी गट्टे ठोकून त्याने उजवे तोंड पेटीच्या सुरात आणले. एकीकडे टाळकरी आपापल्या टाळांच्या दोऱ्या तपासत होते. एवढे सगळे होईपर्यंत बुवा शांतपणे पेटीचा एकच सूर धरून बसले होते.

पहिली बारी सुरू झाली. आमचे डोळे अर्थातच बुवांवर. शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. थोड्या वेळाने ते हसून म्हणाले, "बुवांका काय बघतास? मागे बसलेल्यांका आयका." म्हणजे बुवांकडे काय पाहता, मागे बसलेल्यांना ऐका.

मग आम्ही मागच्यांकडे लक्ष दिले. आठ टाळकरी, पण टाळ वाजत होता एकच. बुवांनी चाल एकदम दुगणीत नेली तरी कोणी गडबडले नाही. एक मुलगा आपल्या नववी-दहावीच्या मुलांएवढा असेल. त्याची नजर बुवांच्या तोंडाकडे नव्हतीच, ती पखवाज्याच्या हाताकडे होती. आमच्यातला एक मित्र वीस वर्षे मागावर काम करतो. तो कानात म्हणाला, "हा पोरगा ऐकून वाजवत नाही, बघून वाजवतोय."

त्याचे निरीक्षण बरोबर होते आणि त्यामागे शास्त्र आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दहा मीटर लांब बसलेल्या वादकाचा ठोका आपल्या कानापर्यंत पोचायला सुमारे ०.०३ सेकंद लागतात. वेळ अगदी थोडा, पण जलद लयीत तेवढ्यानेही टाळ मागे पडल्यासारखा वाटतो. प्रत्येक जण पुढच्याचा टाळ ऐकून वाजवू लागला, तर मागच्या रांगेपर्यंत लय रेंगाळते. प्रकाशाला असा वेळ लागत नाही. म्हणून दिंडीत काय किंवा मंडपात काय, अनुभवी टाळकरी पखवाज्याचा हात पाहतात आणि पखवाजी त्यांना दिसेल असाच उभा राहतो किंवा बसतो. विज्ञानाच्या तासाला शिकलेला ध्वनीचा वेग येथे कामाला येतो.

अमेरिकेतील न्हाव्याच्या दुकानातले गाणे

आता सांगितल्याप्रमाणे परदेशात जाऊ. अमेरिकेत 'बार्बरशॉप' नावाची एक गायनपद्धती आहे. बार्बरशॉप म्हणजे न्हाव्याचे दुकान. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील कृष्णवर्णीय समाजात न्हाव्याचे दुकान हे पुरुषांचे बसण्या-बोलण्याचे ठिकाण होते. आपली पाळी येईपर्यंत चार जण मिळून गाणे म्हणत. एकाने चाल धरायची आणि बाकीच्यांनी तिच्याशी जुळतील असे स्वर शोधून काढायचे. यात वाद्य नसतेच. चार माणसांचे चार गळे, एवढेच साहित्य.

त्या चार गळ्यांची कामे ठरलेली आहेत. 'लीड' मूळ चाल गातो. 'टेनर' तिच्या वरचे स्वर गातो. 'बास' सर्वांत खालचा खर्ज सांभाळतो. चौथा 'बॅरिटोन'. उरलेली जागा भरून काढणे हे त्याचे काम. त्याला कधी चालीच्या वर, कधी खाली, अशा उड्या माराव्या लागतात. त्याचा भाग एकटा ऐकला तर गाणे ओळखूसुद्धा येत नाही. पण तो काढून टाकला की चौघांचे गाणे पोकळ होते.

पुढे ही पद्धत मागे पडू लागली. ११ एप्रिल १९३८ रोजी ओक्लाहोमा राज्यातल्या तुल्सा शहरात ओ. सी. कॅश आणि रुपर्ट हॉल या दोन गृहस्थांनी हे गाणे आवडणाऱ्यांना एकत्र बोलावले. सव्वीस जण जमले आणि त्यातून या गायनाचे जतन करणारी संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, पहिली स्पर्धा झाली. १९४५ साली त्याच शहरात महिलांची स्वतंत्र संस्था निघाली. आज या स्पर्धांना अनेक देशांतून गायक येतात. परीक्षक संगीतरचना, सादरीकरण आणि गायन अशा तीन बाजूंनी गुण देतात. प्रत्येक परीक्षकाकडे एका गाण्याला १०० गुण असतात.

या मेळाव्यांतली एक प्रथा आपल्याला विशेष आवडेल. स्पर्धा संपल्यावर लोक झोपायला जात नाहीत. उतरण्याच्या ठिकाणी, जिन्याखाली, बोळात चार अनोळखी माणसे जमतात आणि गाण्याचा फक्त शेवटचा तुकडा एकमेकांना शिकवून गातात. त्या तुकड्याला 'टॅग' म्हणतात. त्याला ना गुण, ना बक्षीस. मित्रांबरोबर स्पर्धा ऐकायला आलेला माणूस अशा रीतीने श्रोता न राहता गायक होऊन घरी जातो. आपल्याकडे सप्ताहात काला झाल्यावरही चार जण टाळ घेऊन बसतात, त्याचीच ही धाकटी बहीण म्हणायची.

पेटीवर करून पाहा

विद्यार्थी मित्रांनो, आपले गाणे आणि त्यांचे गाणे यांत एक मोठा फरक आहे. आपल्या भजनात सगळे मिळून एकच चाल गातात. एका वेळी एकच स्वर, तो पुढे सरकतो आणि त्यातून राग उभा राहतो. बार्बरशॉपमध्ये एकाच क्षणी चार वेगवेगळे स्वर लागतात.

हे समजण्यासाठी शाळेच्या पेटीवर एक प्रयोग करा. सा, ग, प आणि कोमल नी हे चार स्वर एकदम दाबा. बार्बरशॉपची सर्वांत आवडती स्वरसंगती ती हीच. मग चौघांनी एकेक स्वर वाटून घ्या, पेटी बंद करा आणि नुसते गळ्याने गा. सुरुवातीला गोंधळ होईल. हळूहळू जमेल.

जेव्हा अगदी नेमके जमते, तेव्हा त्या चार स्वरांच्या कंपनसंख्या ४ : ५ : ६ : ७ या प्रमाणात येतात. म्हणजे सा ४०० कंपनांचा असेल, तर ग ५०० चा, प ६०० चा आणि कोमल नी ७०० चा. प्रत्येक आवाजात मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे सूक्ष्म स्वरही मिसळलेले असतात. प्रमाण नेमके जुळले की हे सूक्ष्म स्वर एकमेकांना बळ देतात आणि कोणीच गात नसलेला एक उंच स्वर ऐकू आल्यासारखा वाटतो. तानपुरा उत्तम जुळला की त्यातून गंधार ऐकू येतो असे आपले गवई सांगतात. तोही याच जातीचा अनुभव.

गंमत अशी की पेटीवर हे पूर्ण साधत नाही. पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, त्यामुळे तिचा ग नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा असतो. शिवाय पेटीवर मींड घेता येत नाही. अशा कारणांनी आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात पेटी वाजवण्यावर बंदी ठेवली होती. भजनी मंडळांनी मात्र पेटी सोडली नाही. गावात सर्वांना एका पट्टीत धरून ठेवायला दुसरे इतके सोपे साधन नव्हते. तेव्हा पेटीचा आधार जरूर घ्यावा, पण शेवटी सूर जुळतो तो शेजाऱ्याच्या गळ्याशी.

स्पर्धेने बिघडते तेही पाहावे

स्पर्धा आली की तयारी वाढते, वेळ पाळली जाते, मुले नियमाने सरावाला येतात. हे फायदे खरेच आहेत. पण तोटेही सांगितले पाहिजेत.

पहिला तोटा, नंबरासाठी चमक वाढते. सिनेमाच्या चालीवर अभंग बसवला तर टाळ्या मिळतात, पण शब्द चालीखाली चिरडले जातात. अभंगात शब्द समजला नाही तर मग राहिले काय? दुसरा तोटा, सगळा भार बुवांवर पडतो. चांगला बुवा बाहेरून आणायचा, मागे कोणालाही बसवायचे आणि बक्षीस घ्यायचे, असे प्रकार होतात. बुवा गेले की मंडळ बंद.

तिसरा तोटा सर्वांत गंभीर. स्पर्धेच्या दारातून कोणाला आत घ्यायचे हे ठरवणाऱ्यांच्या हातून अन्याय होऊ शकतो. बार्बरशॉप गाणे जन्मले कृष्णवर्णीयांच्या दुकानांत, पण त्याच्या जतनासाठी निघालेल्या संस्थेने त्यांनाच बाहेर ठेवले. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पर्धेत पहिला आलेला रेल्वे हमालांचा कृष्णवर्णीय चमू राष्ट्रीय स्पर्धेत गाऊ शकला नाही. न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर अल स्मिथ यांनी त्याचा निषेध म्हणून संस्था सोडली. तरी कृष्णवर्णीयांना सभासद करून घ्यायला १९६३ साल उजाडले, आणि स्त्रियांना पूर्ण सभासदत्व मिळाले ते २०१८ मध्ये. आपणही यातून शिकावे. चोखोबांना देवळाच्या दाराबाहेर उभे राहावे लागले, आणि आज त्यांच्या अभंगाशिवाय भजन पुरे होत नाही. आपल्या मंडळात मुलगी पखवाजाला का नको, परभाषी शेजाऱ्याचा मुलगा टाळाला का नको, हे प्रश्न आपण स्वतःला विचारलेले बरे.

ऐकायला जाताना

पुढच्या वेळी स्पर्धा ऐकायला जाल तेव्हा पुढील गोष्टींकडे लक्ष द्या.

१. शक्य असेल तर सुरू होण्यापूर्वी पोचा. वाद्ये जुळवताना मंडळातली माणसे एकमेकांशी कशी वागतात ते पाहा. ज्या मंडळात ही तयारी शांतपणे होते, तेथे गाणेही बहुधा स्थिर असते.

२. पहिल्या अभंगात डोळे मिटून टाळ मोजा. एक टाळ ऐकू येतो की फुटकळ आवाज येतात?

३. बुवांनी चरण सोडला आणि मागच्यांनी उचलला, त्या सांध्याकडे कान द्या. तेथे लय पडली नाही, सूर उतरला नाही, तर मागचे लोक नुसते बसलेले नाहीत, ऐकत आहेत.

४. अभंगातला प्रत्येक शब्द कळला का? एखादा न कळलेला शब्द लिहून घ्या आणि घरी आजीला विचारा.

५. मनात आपला निकाल ठरवा, मग परीक्षकांचा ऐका. फरक पडला तर का पडला यावर परतीच्या वाटेवर मित्रांशी बोला. एकट्याने ऐकलेले विसरते, चौघांनी चर्चा केलेले राहते.

पालकांना एक विनंती. ऐकणे हा या साऱ्याचा पाया आहे, म्हणून कान जपा. मागांच्या खात्यातला आवाज दररोज तासन् तास कानांवर पडला तर श्रवणशक्ती हळूहळू कमी होते, आणि आधी जातात ते उंच, बारीक आवाज. टाळाची किणकिण, मुलांचे बोलणे यांत तेच आवाज असतात. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. कानात घालायचे साधे बोळे मिळतात, ते कामावर जरूर वापरावेत.

आपल्या शाळेसाठी

आता आपल्या घरचे पाहू. सुरत महानगरपालिकेच्या शाळांत मराठी माध्यम आजही आहे, पण आपली पुष्कळ मुले गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीतून शिकतात. त्याला कोणाचा विरोध नाही. या शहराने आपल्याला भाकरी दिली, येथली भाषा मुलांना आलीच पाहिजे. पण सातशे वर्षांपूर्वीची मराठी ज्यांच्या तोंडी अर्थासह बसेल अशी जागा मुलांना कोठे मिळते? पाठ्यपुस्तकात दोन-चार अभंग येतात. टाळ हातात घेतलेल्या मुलाला मात्र एका वर्षात वीस-पंचवीस अभंग सहज पाठ होतात, कारण ते त्याने वाचलेले नसतात, गायलेले असतात.

आपल्या भागातील भजनी मंडळांत आज मागच्या रांगेला कोण बसते ते पाहा. बहुतेकांचे केस पांढरे झाले आहेत. पाळी संपवून, आंघोळ करून रात्री भजनाला बसणारी ही माणसे. त्यांच्याजवळ चाली आहेत, त्या कोठे लिहिलेल्या नाहीत. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्या शिकून घेतल्या नाहीत तर नंतर शिकवायला कोणी नसेल. बुवा एखादा बाहेरून आणता येईल. मागची रांग बाहेरून आणता येत नाही.

म्हणून विश्वस्त मंडळींपुढे एक साधी सूचना ठेवावीशी वाटते. आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेचा एक वर्ग भजनासाठी उघडा ठेवावा. एक पखवाज, शाळेची पेटी आणि टाळांच्या आठ-दहा जोड्या एवढे साहित्य पुरे. शिकवायला परिसरातील ज्येष्ठ मंडळींनाच बोलवावे. मुलामुलींना पहिली सहा महिने फक्त टाळ आणि कोरस शिकवावा, बुवा कोण हे नंतर पाहता येईल. चाली मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम मोठ्या वर्गातील मुले आनंदाने करतील. वर्षाअखेर स्पर्धेत भाग घ्यायचा की नाही, ते मुलांनाच ठरवू द्यावे.

पालकांनीही एक करावे. घरात कपाटावर टाळांची जुनी जोडी असेल तर ती काढून पुसावी, दोरी बदलावी आणि मुलाच्या हातात द्यावी. येत्या गणपतीत आपल्या गल्लीतले भजन सुरू झाले की त्याला पुढे बुवांशेजारी न बसवता मागे, टाळकऱ्यांच्या रांगेत बसवावे. सुरुवातीला त्याचा टाळ चुकेल. शेजारचे काका डोळ्यांनी खुणावतील. दोन-तीन रात्रींत तो पखवाज्याच्या हाताकडे पाहायला शिकेल.